भुऱ्याला जवळ घ्यावं की घेऊ नये?

प्रश्न : कुणकेश्वरजवळ आमचं घर आहे, चार खोल्या पर्यटकांना देतो. भुऱ्या हा आमचा गावठी कुत्रा, वय साधारण तीन वर्षं. गेले दोन गणपती तो फटाक्यांना इतका घाबरतो की पलंगाखालून बाहेर येत नाही. आता तर आरतीला झांजा काढल्या की पहिला फटाका वाजायच्या आधीच थरथरतो. शेजारच्या कलमांच्या बागेत वानरांना हाकलायला बार काढतात, तेव्हाही तेच. दुसरा त्रास म्हणजे पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो आणि कोणी जेवायला बसलं की ताटाशेजारी भुंकत राहतो. सासरे काठी उगारतात, कधी एखादी बसतेही. हल्ली चाकांच्या बॅगेचा आवाज आला की गुरगुरतो. मुलगा बारावीला मानसशास्त्र शिकतो. तो म्हणतो, शिकण्याचे दोन प्रकार असतात, एक पाव्हलॉवचा, एक स्किनरचा. आणि घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळलं तर भीतीला बक्षीस मिळतं, म्हणून लक्षच द्यायचं नाही. सासूबाई म्हणतात, “भियालो हा तो, तेका जवळ घेवक नको?” बरोबर कोण? गणपतीला दहा आठवडे उरलेत. ता. क. गाय धार काढताना लाथ मारते. तिलाही यातलंच काही लागू पडतं का?

उत्तर : ताई, सासूबाई बरोबर आहेत. मुलाने धडा वाचलाय नीट, फक्त पहिल्या प्रकरणातल्या गणिताला दुसऱ्या प्रकरणाची रीत लावली आहे. ही गल्लत भल्याभल्यांची होते, तेव्हा त्याला रागावू नका.

पाठ्यपुस्तकात या दोन प्रकारांना अभिजात अभिसंधान आणि साधक अभिसंधान म्हणतात. नावं जड आहेत. घरात वापरायला एक प्रश्न पुरतो : भुऱ्या काहीही न करता नुसता बसून राहिला, तरी ती पुढची गोष्ट घडणारच आहे का? घडणार असेल, तर तो एका गोष्टीमागून दुसरी येते एवढंच शिकतोय. झांजेमागून फटाका येतो. भुऱ्या कापो, झोपो, शेपूट हलवो, फटाका यायचा तो येतोच. हे पाव्हलॉवचं शिकणं. उलट ती गोष्ट त्याने काही केल्यावरच घडत असेल, म्हणजे भुंकला तर सुरमईचा तुकडा आणि गप्प बसला तर काहीच नाही, तर तो आपल्या कृतीचं फळ शिकतोय. हे स्किनरचं.

पाव्हलॉव हा रशियन शास्त्रज्ञ. त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच, नुसत्या चाहुलीने, लाळ सुटते. मग त्याने मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल धरायच्या यंत्राच्या, टिकटिकीसारखे आवाज वापरून हे पद्धतशीर तपासलं. लाळ सुटली म्हणून अन्न आलं असं तिथे कधीच नव्हतं. त्याच सुमारास अमेरिकेत थॉर्नडाइक नावाचा मानसशास्त्रज्ञ मांजरांना फळ्यांच्या पेटीत कोंडत होता. पेटीबाहेर माशाचा तुकडा, आत दोरीचा फास. पंजा फासावर पडला की दार उघडे. मांजर पहिल्यांदा बराच वेळ ओरबाडत बसे, फास चुकूनच ओढला जाई. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी होत गेला. ते त्याने १८९८ साली मांडलं आणि स्किनरने १९३० च्या दशकात उंदीर घेऊन पुढे नेलं.

मुलगा कदाचित म्हणेल, “पण पुस्तकात ऐच्छिक आणि अनैच्छिक असा फरक दिलाय.” तो पेपरात लिहायला ठीक आहे. पडवीत मात्र त्याने घोटाळा होतो, कारण गुरगुरणं ऐच्छिक की अनैच्छिक हे बाहेरून सांगता येत नाही. पुढची गोष्ट कशावर अवलंबून आहे, हे मात्र बघून सांगता येतं.

आता कुरवाळण्याचं. बक्षिसाने कृती वाढते. भीती ही भुऱ्या काही मिळवायला करत असलेली कृती नाही. ती अंगात उठते, जशी आपल्याला वीज कडाडल्यावर उठते. कापत असताना तुम्ही पाठीवर हात ठेवलात म्हणून पुढचा फटाका त्याला जास्त भयानक वाटणार नाही. जवळ आला तर घ्या. हळू, लांब हात फिरवा, एकाच स्वरात बोला. पलंगाखाली जाऊन बसला तर मात्र ओढून बाहेर काढू नका. ती त्याने शोधलेली जागा आहे, तिथे चादर सोडून आडोसा करा.

एक अपवाद आहे. तुम्ही फक्त फटाके सुरू व्हायच्या बेतात असतानाच त्याला घाईघाईने जवळ घेत असाल, तर ते घाईचं जवळ घेणंच फटाक्याचा निरोप होऊन बसेल. म्हणून साध्या, शांत दिवशीही तसंच जवळ घेत जा.

खरंच घाबरलाय की लाडाने नाटक करतोय, ही शंका सासऱ्यांना असणारच. चिकनचा तुकडा नाकापुढे धरा. शेपूट पोटाखाली, कान मागे, गारव्यातही धाप, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि आवडीचा तुकडाही नको, तर भीती आहे. तुकडा गटकन गिळून परत तुमच्या हाताकडे बघतोय, तर तो सौदा करतोय, आणि त्याचं उत्तर वेगळं आहे. ते पुढे देतो.

झांजांचं कोडं आता सुटेल. वर्षातून मोजके दिवस झांजा निघतात, झांजांमागून आरती, आरतीमागून खळ्यात माळ लागते. भुऱ्याने उलटा माग काढला. फटाक्याचा निरोप आरतीने दिला, आरतीचा झांजेने. उद्या देवघरातलं कपाट नुसतं करकरलं तरी तो उठून जाईल. अशी भीती मागे मागे सरकत लांबते. म्हणूनच “मोठा झाला की होईल सवय” यावर विसंबू नका. वानरांना बारांची सवय होते, हे तुमचे शेजारी कपाळाला हात लावून सांगतील. ती पळू शकतात, लांब फांदीवर बसून बघू शकतात की धडाडधूमच्या मागून काहीच येत नाही. पडवीत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नसते, त्याची भीती दर खेपेला वाढत जाऊ शकते. तेव्हा पहिली गोष्ट, बारांच्या वेळी साखळीला असेल तर सोडा आणि त्याला घरात घ्या.

उपाय नवा नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला खाऊ देत देत ससा हळूहळू जवळ आणला आणि भीती गेली. आपण सशाच्या जागी झांजा आणि फटाके ठेवणार आहोत. सध्या पाऊस आहे, खोल्या बहुतेक रिकाम्या आहेत, बागेतले बार बंद आहेत. याहून बरा हंगाम मिळणार नाही. तालीम सुरू करायच्या आधी एकदा पशुवैद्यकाकडून कान आणि सांधे तपासून घ्या. कुठे दुखत असलेलं जनावर आवाजाला जास्त दचकतं.

खाऊ म्हणून उकडलेलं चिकन, हाडं काढून, हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. बांगडा चालेल, पण काटा अन् काटा काढून. मीठ लावलेली सुकी मासळी नको आणि घरातलं तिखलं, म्हणजे माशांचं तिखट कालवण, तर नकोच, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतात. हा खाऊ तालमीशिवाय कधीही द्यायचा नाही, आणि जेवढा जाईल तेवढा रात्रीच्या भातातून कमी करा. यात औषधाची गोळी कधीच लपवू नका. कडू चव किंवा नंतरची मळमळ त्या चवीला एका फटक्यात चिकटते, तेही काही तासांनंतरसुद्धा. गार्सिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात उंदरांवर हे दाखवलं होतं. गोळी गुळाच्या खड्यात द्या, चिकन स्वच्छ राहू द्या.

झांजांपासून सुरुवात करा, कारण त्या तुमच्या हातात आहेत. पहिले तीन-चार दिवस आवाज नाही. झांजा काढून पाटावर ठेवायच्या, भुऱ्याला दिसल्या की एकामागून एक चार तुकडे, मग झांजा परत कपाटात आणि खाऊही बंद. झांजा आहेत तोवर चिकन, झांजा गेल्या की चिकन गेलं. दिवसातून दोनदा, दर वेळी पाच-सहा फेऱ्या, फेऱ्यांमध्ये कधी एक मिनिट, कधी तीन. अंतर ठरावीक ठेवलंत तर तो घड्याळ शिकेल, झांजा नाही. झांजा दिसताच त्याने तुमच्या खिशाकडे बघितलं, की पुढची पायरी : दोन्ही झांजा जाड पंच्यात गुंडाळा आणि एकदाच, बोट टेकवावं इतक्या हलक्या, टेकवा. आवाज, मग मनात “एक”, मग खाऊ. पंच्याचे पदर दोन-तीन दिवसांनी एकेक उलगडत न्या. पंचा पूर्ण निघाल्यावर माणूस लांब पाठवा. मुलगा मागच्या दारी वाजवेल, तुम्ही पडवीत चारा.

फटाक्यांसाठी ध्वनिमुद्रित आवाज लागतो. फोनचा स्पीकर कामाचा नाही, त्यात धमाक्यातला जड, खालचा भाग येतच नाही. भुऱ्या फोनवरच्या फटाक्यासमोर शांत झोपेल आणि खऱ्याला उठून पळेल. मोठा ब्लूटूथ स्पीकर घ्या, वीज जाते म्हणून चार्ज करून ठेवा, आणि शेजारच्या खोलीत दार लोटून ठेवा. आवाज सगळ्यात खालच्या पट्टीवर. योग्य पट्टी म्हणजे ज्याने कान हलतो, पण तोंड चालू राहतं. खाणं थांबलं, की तुम्ही वर गेलात. दोन पायऱ्या खाली या. एक कोकणी अडचण : कौलांवर सर कोसळत असेल तर बारीक आवाज तिच्यात बुडतो, तुम्ही पट्टी वाढवता, आणि सर अचानक थांबली की तोच आवाज खोलीत फुटतो. तेव्हा उघडीप बघूनच बसा.

क्रम चुकला की सगळं उलटं होतं. चिकनची वाटी आधी काढली आणि मग फटाका वाजवला, तर वाटी हाच फटाक्याचा निरोप ठरतो. मग कुत्रा चिकन बघून पलंगाखाली जातो आणि घरचे म्हणतात, “याला खाऊही आवडेनासा झाला.” म्हणून तुकडे आधीच कंबरेच्या पिशवीत, हात पिशवीपासून लांब. आधी आवाज, नंतर हात. आणि फटाक्याशिवायही कधीकधी पिशवी नुसती बांधून फिरा, नाहीतर पिशवीही चुगली करेल.

दुसरी चूक मुलाकडून होण्याचा संभव आहे : “आधी बस, मग देतो.” या तालमीत त्याला काहीही करायला सांगायचं नाही. उभा असो, पाठ फिरवून असो, आवाज झाला की खाऊ पडणारच. त्याच्या वागण्याला दाम देण्याची ही वेळ नाही, आवाजाचा अर्थ बदलण्याची आहे. तिसरी चूक घाई. आवाज झाल्यावर तो आनंदाने वळून बघू लागला, निदान चार-पाच वेळा लागोपाठ, तरच एक पायरी वर. साधारण तीन आठवडे झांजा, चार-पाच आठवडे फटाके, उरलेल्यांत झांजा-आरती-फटाका असा सलग क्रम, असा अंदाज धरा. पण कॅलेंडरपेक्षा त्याच्या कानांकडे जास्त बघा. चार दिवस खंड पडला तर जुनी भीती थोडी परत डोकावते. पहिलं सगळं वाया गेलं असं नाही, दोन पायऱ्या खालून सुरू करा. पडवीत शिकलेलं खळ्यात आपोआप चालत नाही, तिथे पुन्हा तळापासून, फक्त भराभर.

मधेच खरी वीज कडाडली तर? तीही वाया घालवू नका. कडकडाट झाला की लगेच मूठभर तुकडे. खात नसेल तर आग्रह नको, जवळ बसा.

दहा आठवड्यांत पूर्ण बरं होईल असं सांगणार नाही. या गणपतीला सांभाळायचं आणि पुढच्याला दाखवायचं, असा हिशेब ठेवा. आरतीच्या दिवशी दुपारीच लांब फिरवून आणा, संध्याकाळच्या आत शी-शू उरकू द्या. माजघरासारखी आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि रेडिओ चालू, पाणी, आणि जुन्या गोधडीच्या घड्यांत दडवलेले चिकनचे तुकडे. करवंटीत खाऊ भरून देऊ नका. फोडून तुकडे गिळतो. गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर हवा, घाबरलेला कुत्रा समुद्राच्या दिशेने सुटला की रात्रीत कुठे जाईल नेम नाही. भीती फार असेल तर पशुवैद्यकाशी आत्ताच बोला, चतुर्थीच्या आदल्या दिवशी नाही. भीती कमी करणारी औषधं असतात, ती एकदा शांत दिवशी देऊन परिणाम पाहावा लागतो. कोणीतरी सांगितलं म्हणून गुंगीची गोळी आणून देऊ नका. अंग निपचित पडतं, भीती आत तशीच राहते.

आता ताटाजवळचं भुंकणं. इथे आमचा प्रश्न पुन्हा विचारा : भुऱ्या गप्प कोपऱ्यात पडून राहिला तर तुकडा मिळतो का? नाही. म्हणजे हा सौदा आहे, आणि सौद्यात बघायचं ते दाम कोण देतं हे. तीन दिवस वहीत तीन रकाने करा : आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. आमची खात्री आहे, तिसऱ्या रकान्यात घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त असतील. दहातला एखादाच पर्यटक तळलेल्या तुकडीचा कोपरा टाकतो, पण नेमकं तेच घातक. दर वेळी मिळत असेल तर मिळणं थांबल्यावर कुत्रा लवकर नाद सोडतो. कधीतरी मिळत असेल तर लॉटरीवाल्यासारखा चिकटतो. त्यात तुम्ही दहा मिनिटं मन घट्ट केलंत आणि अकराव्या मिनिटाला “घे बाबा” म्हणालात, तर त्याने शिकलेला धडा असा : दहा मिनिटं पुरत नाहीत, अकरा भुंकावं लागतं.

तेव्हा तुकडा बंद म्हणजे सगळ्यांचा बंद, एकाच दिवसापासून. पहिले काही दिवस भुंकणं कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. मिळत असलेलं मिळेनासं झालं की प्राणी आधी जोर लावून बघतो. रिमोट चालला नाही की आपण बटण जास्त दाबतो, तसंच. इथेच घरं हरतात. पावसाळ्यात पाहुणे नसताना हा भाग उरकून घ्या.

नुसतं बंद करून भागत नाही, त्याच तुकड्यांसाठी दुसरं काम द्यावं लागतं. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरा, पंगतीपासून चार हात लांब. आधी एक शब्द ठरवा, “हां” बरा. वीस वेळा नुसतं “हां” आणि लगेच तुकडा. मुलाला इथे थांबवून विचारा, हे कुणाचं? पाव्हलॉवचं, कारण अजून भुऱ्याने काही केलेलंच नाही. त्या शब्दाला वजन आलं की स्किनरचं काम सुरू होतं. गोणपाटाकडे नजर गेली, “हां”, तुकडा. एक पाय पडला, “हां”, तुकडा. मग चार पाय, मग बसणं, मग पडणं. “हां” त्या क्षणी पडला पाहिजे, सेकंदभराच्या आत. उशीर केलात तर तो गोणपाटावरून उठत असतो आणि उठण्याचंच बक्षीस मिळतं. तुकडा गोणपाटावरच टाका, हातातून नको. एका वेळी तीन मिनिटं पुरे. दहातून आठ वेळा जमलं की पुढे, लागोपाठ दोनदा फसलं की मागे.

पडून राहायची वेळ वाढवताना दोन सेकंद, पाच, तीन, आठ, चार, बारा अशी वेडीवाकडी वाढवा. दर वेळी लांबतच गेली तर त्यालाही कळतं आणि तो आधीच उठतो. मग रिकामं ताट, मग घरचं माणूस ताटावर, मग दोघं आणि तळलेल्या माशाचा वास. शेवटी पाहुणे. खाऊ हळूहळू विरळ करा, कधी दुसऱ्या मिनिटाला, कधी सातव्या. ती लॉटरीची खोड आता तुमच्या बाजूने कामाला येते. आणि पाहुण्यांना नुसती मनाई करू नका, कोणी ऐकत नाही. गोणपाटाजवळ झाकणाचा डबा ठेवा : “भुऱ्याला द्यायचंय? तो इथे पडलेला असताना, डब्यातलं, इथेच.” देण्याची हौसही भागते.

उड्यांनाही दाम असतं, ते म्हणजे लक्ष. “अरे खाली, खाली” म्हणत दोन्ही हातांनी ढकलणं हा कुत्र्याच्या लेखी खेळच. पाहुणे येताना दोन मीटरची दोरी लावून ठेवा. उडी मारली की माणसाने पाठ फिरवायची, बोलायचं नाही. चारही पाय जमिनीवर आले की लगेच, खाली वाकून, हळू आवाजात बोलायचं. घरातल्या पाच जणांनी पाच वेगळ्या रीती केल्या तर मात्र आठवडेच्या आठवडे जातील.

काठीचा मुद्दा नाजूक आहे, पण बॅगेवरचं गुरगुरणं तिथूनच आलेलं दिसतं. काठीमुळे भुऱ्याने उडी सोडली का, तर सासरे असतील तेव्हा सोडली. त्याबरोबर एक शिकवणी आपण न देता झाली. चिऱ्यांवरून चाकांची खडखड, मग नवी माणसं, मग काठी. ही साखळी झांजांसारखीच आहे. कृती सुधारायला म्हणून दिलेल्या शिक्षेने पाहुण्यांचाच अर्थ बदलला. आता गुरगुरण्यावर काठी मारलीत तर तो गुरगुरणं सोडेल आणि न सांगता चावेल. घरात परकी माणसं, त्यांची लहान मुलं. हे परवडणारं नाही. गुरगुरला की त्याला शांतपणे लांब न्या. आणि रिकाम्या बॅगेची चाकं मुलाला खळ्याच्या दुसऱ्या टोकाला फिरवायला सांगा, खडखड झाली की चिकन, थांबली की बंद. दिवसाला दोन-तीन मीटर जवळ. नवे पाहुणे आले की पहिला तासभर त्याला आतच ठेवा, आणि कोणीही आपणहून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही.

सासरे काठी का सोडत नाहीत, याचंही उत्तर याच शास्त्रात आहे. काठी उगारली की कटकट तत्क्षणी थांबते, त्यांना हायसं वाटतं, म्हणून काठी पुढच्या वेळी आणखी लवकर उगारली जाते. नकोशी गोष्ट दूर झाल्याने कृती पक्की होणं, याला ऋण प्रबलन म्हणतात. मुलाने हे वहीत लिहून घ्यावं, कारण परीक्षेत बरेच जण ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा असं लिहून मोकळे होतात. हे सासऱ्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही असतो तर गोणपाटाच्या डब्याचा कारभार त्यांच्याकडे दिला असता. पडवीत बसलेला, वेळ असलेला, नजर बारीक असलेला माणूस या कामाला सगळ्यात चांगला, आणि एका हातात डबा असला की काठी उचलायला हात उरत नाही.

राहता राहिली गाय. तिच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात, म्हणून ती आधी सांगितली नाही. कळशी वाजली, वासराने हंबरडा फोडला, आंबोणाचं घमेलं समोर आलं, की तिला पान्हा फुटतो. तो ती काही मिळवायला करत नाही. कास धुऊन चोळल्यावर मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि साधारण मिनिटभरात दूध उतरतं, आणि रोजच्या खुणांनी हे हात लागायच्या आधीच सुरू होऊ शकतं. हे पाव्हलॉवचं. भीती किंवा दुखणं असेल तर ॲड्रेनलिनमुळे तेच अडतं, आपण म्हणतो पान्हा चोरला. म्हणून लाथेवर फटका देऊ नका. कळशीमागून फटका यायला लागला, तर उद्या कळशी वाजली की दूध वर चढेल.

लाथ मात्र बहुतेक स्किनरची. ती झाडते, तुम्ही दचकून उठता, सडाला हात लागणं थांबतं. लाथ कामाला आली. आधी सडांना चिरा, चिकट किंवा गुठळ्यांचं दूध, गरम सुजलेली कास बघा, वाढलेली नखं काढा. कासदाह असेल तर शिकवणी बाजूला, आधी उपचार. तसं काही नसेल तर धारेच्या आधी चार-पाच दिवस नुसती ही तालीम करा : बाजूला सुरक्षित बसून तळहात कासेवर टेकवा, पाय हलला तरी शक्यतो हात काढू नका, पाय टेकून एक सेकंद स्थिर राहिला की त्याच क्षणी हात काढा. उभं राहिलं की सुटका मिळते, एवढं तिला कळू द्या. एक सेकंद, मग दोन, पाच, दहा, मग चोळणं, मग दोन धारा. पहिल्या वेळी जोरात झाडली आणि हात सुटलाच, तर पुढच्या वेळी कासेऐवजी मांडीपासून सुरू करा. पान्ह्याचं इंजेक्शन परस्पर टोचू नका. आणि प्रत्यक्ष धार सुरू कराल तेव्हा पहिले काही दिवस कळशी खाली न ठेवता लहान तांब्यात काढा, भरला की ओतून या. सांडलं तर तेवढंच सांडेल.